सोळा रकान्यांतली जलद लय : घरच्या संगणकावर ड्रम अँड बेसचे ड्रम कसे रचावेत

संगणकावर पहिल्यांदाच जलद ड्रम रचायला बसलेल्या माणसाच्या हातून बहुधा एकच गोष्ट घडते. तो लय १७० वर नेतो, समोरचे सोळाच्या सोळा रकाने भरून टाकतो, आणि वाजवून पाहतो तेव्हा पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज येतो. आवाज भरपूर असतो, पण पाय ठेका धरत नाही. मग काहीतरी कमी पडते आहे असे वाटून तो आणखी ठोके घालतो आणि उरलासुरला ठेकाही नाहीसा होतो. मी स्वतः बरेच महिने याच वाटेने गेलो, म्हणून हा लेख मी शक्य तितक्या सावकाश आणि क्रमाने लिहीत आहे.

जलद लयीत मोजके ठळक ठोके प्रत्यक्षात संथ चालीने पडत असतात, त्यांच्या मधल्या जागेतून हलके ठोके पळत असतात, आणि या दोहोंच्या जोरात जो फरक असतो त्यातून कानाला वेग जाणवतो. पुण्यात मिरवणुकीच्या वाटेवर उभे राहून ज्यांनी ढोल-ताशा जवळून ऐकला आहे, त्यांना ही गोष्ट अंगानेच ठाऊक असते. ढोलाचा टोल जड आणि सुटा पडतो, ताशाची तर्री त्याच्या अंगाखांद्यावरून धावते, आणि अंगावर काटा येतो तो त्या दोघांमधल्या अंतरामुळे. सगळे ढोल ताशाच्या गतीने वाजू लागले तर नुसता गलका होईल.

उदाहरणासाठी मी ड्रम अँड बेस हा प्रकार घेतला आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये, रेव्ह पार्ट्यांचे नृत्यसंगीत आणि जमैकन साउंड सिस्टिमचा, म्हणजे तिथल्या मोठमोठ्या स्पीकरसंचांचा, खर्ज यांच्या संगमातून आधी ‘जंगल’ नावाचा प्रकार आणि मग ड्रम अँड बेस आकाराला आले. परवाना नसलेल्या रेडिओ केंद्रांवरून ते वाजत असे, आणि ते करणारे पुष्कळ जण राहत्या घरातल्या एका खोलीत, एक सॅम्पलर (ध्वनिमुद्रित आवाजाचे तुकडे वाजवणारे यंत्र) आणि एक साधा संगणक घेऊन बसलेले असत. त्यामुळे घरी बसून करण्याचे संगीत म्हणून याच्याइतके योग्य उदाहरण मला दुसरे सुचत नाही.

आधी साधने आणि थोडी आकडेमोड

एक संगणक, बऱ्यापैकी हेडफोन आणि एक मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर हे काम होते. एलएमएमएस हे सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर विनामूल्य चालते. फक्त ड्रम रचायचे असतील तर हायड्रोजन हेही विनामूल्य आणि शिकायला सोपे आहे. लॅपटॉपच्या अंगच्या स्पीकरवर मात्र हे काम करू नये, कारण किकचा, म्हणजे पायाने वाजवल्या जाणाऱ्या मोठ्या ड्रमचा, जो मुख्य खर्ज ५० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो तो त्या इवल्या स्पीकरमधून ऐकूच येत नाही, आणि जे ऐकू येत नाही ते माणूस वाढवत सुटतो.

दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये ड्रमसाठी सोळा रकान्यांची ओळ असते. १९८० साली आलेल्या रोलँड टीआर-८०८ या ड्रम मशिनवर अशीच सोळा बटणांची रांग होती, आणि ती मांडणी आजही टिकून आहे. चार मात्रा, प्रत्येक मात्रेचे चार भाग, असे सोळा रकाने मिळून एक बार होतो. या लेखात मी त्याला आवर्तन म्हणेन. तबला शिकलेल्यांना सोळा हा आकडा पाहून तीनताल आठवेल, पण इथे सोळा रकाने म्हणजे सोळा मात्रा नव्हेत, चार मात्रांची चौगुन आहे, हे मनाशी पक्के करावे.

लय १७० ठेवावी, म्हणजे मिनिटाला १७० मात्रा. एक मिनिट म्हणजे ६०,००० मिलिसेकंद. त्यांना १७० ने भागले की एक मात्रा सुमारे ३५३ मिलिसेकंदांची निघते आणि एक रकाना ८८ मिलिसेकंदांचा. १२० च्या लयीत हाच रकाना १२५ मिलिसेकंदांचा असतो. हा ८८ चा आकडा कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवून ठेवावा अशी माझी आग्रहाची सूचना आहे, कारण पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय या आकड्याशी ताडून घ्यावा लागतो. अमुक आवाज लांब आहे का, तमुक ठोका उशिरा पडतो आहे का, या प्रश्नांना संथ लयीत ‘चालून जाईल’ असे उत्तर देता येते, पण ८८ मिलिसेकंदांत ते चालून जात नाही.

आवाज निवडणे आणि ते आखूड करणे

सुरुवातीला फक्त तीन आवाज घ्यावेत : एक किक, एक स्नेअर (काडीने वाजणारा, खाली तारा लावलेला ड्रम) आणि एक बंद हाय-हॅट (एकमेकींवर दाबून धरलेल्या दोन झांजा). किक कोरडी आणि ठसठशीत असावी. स्नेअरमध्ये २०० हर्ट्झच्या आसपास थोडे मांस असावे आणि वर चुरचुरीत तार असावी. हॅट जितका बारीक तितका चांगला. पाचशे सॅम्पलांचा, म्हणजे ध्वनिमुद्रित सुट्या आवाजांचा, गठ्ठा उतरवून घेऊन त्यातून निवडत बसण्यापेक्षा हे तीन आवाज नीट ओळखीचे करून घेणे कितीतरी अधिक उपयोगाचे आहे.

निवडीनंतर पहिले काम कापण्याचे. याचे महत्त्व मला एका गणेशोत्सवात कळले. रात्रीची आरती आटोपल्यावर मित्रांच्या मंडपातल्या मोठ्या स्पीकरवर मी माझा लूप, म्हणजे फिरत राहणारा ड्रमचा तुकडा, लावून पाहिला. घरी हेडफोनवर सुरेख वाटणारी ती चीज तिथे एक सलग घुमणारा हुंकार झाली होती, आणि किक कुठे पडते आहे तेच कळेना. घरी येऊन मोजले तेव्हा कारण सापडले. माझ्या किकची शेपटी सुमारे ७०० मिलिसेकंद लांब होती. दुसरी किक अकराव्या रकान्यात होती आणि तिथून पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या रकान्यापर्यंत फक्त सहा रकाने, म्हणजे ५२९ मिलिसेकंद होते. एक किक संपण्याआधीच दुसरी तिच्या अंगावर येऊन पडत होती. किक १५० मिलिसेकंदांवर आणली आणि दुसऱ्या दिवशी त्याच स्पीकरवर प्रत्येक ठोका छातीत मोजता येऊ लागला.

म्हणून किक १५० ते २००, स्नेअर १५० च्या आसपास आणि बंद हॅट ३० ते ५० मिलिसेकंद, अशा लांबीने सुरुवात करावी. एलएमएमएसमध्ये ऑडिओफाइलप्रोसेसर या वाद्यात सॅम्पल उघडून त्याचा शेवटबिंदू मागे आणला की आवाज आखूड होतो. कापलेल्या जागी ‘टिक्’ असा बारीक आवाज येत असेल तर लहर मध्येच तुटलेली असते. अशा वेळी शेवटचे पाच-दहा मिलिसेकंद हळूहळू विझवत न्यावेत.

सॅम्पलच्या शेवटाइतकीच त्याची सुरुवातही पाहावी लागते. घरी ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजाच्या आरंभी थोडी शांतता राहून गेलेली असते. ती २० मिलिसेकंदांची असली तरी रकान्याचा जवळजवळ पाव भाग झाला, आणि मग रकान्यात अचूक ठेवलेला ठोका कानाला मात्र रेंगाळलेला वाटतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लहर मोठी करून पाहावी आणि आघात जिथे उसळतो तिथपर्यंत पुढचा भाग छाटून टाकावा.

घरचे आवाज हा या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. रव्याचा अर्धा भरलेला स्टीलचा डबा फोनपासून वीतभर अंतरावर धरून एकदाच झटक्यात हलवला, की उत्तम शेकर मिळतो. त्यासाठी साखर जाड पडते, रवा नेमका बसतो. पोळपाटावर लाटण्याचे टोक आपटले की येणारा ‘टक्’ स्नेअरखाली दबक्या आवाजात जोडला, तर विकतच्या स्नेअरला आपले असे एक अंग येते. ताटावर चिमटा मारून पाहिला तेव्हा मात्र आवाज फार वेळ झिणझिणत राहिला, म्हणून ताटाखाली दुमडलेला पंचा ठेवून पुन्हा घेतला आणि मग तो कामी आला. पंखा बंद करून, कुकरची शिट्टी होऊन गेल्यावर मुद्रण करावे, एवढे पथ्य पुरे.

सांगाडा : चार ठोके

आता रचनेकडे येऊ. संगीताच्या लेखनात आपण रिकाम्या जागेसाठी अवग्रह वापरतो, तीच पद्धत इथे वापरतो. किकला ‘धुम्’ आणि स्नेअरला ‘तक्’ म्हणू.

धुम् ऽ ऽ ऽ । तक् ऽ ऽ ऽ । ऽ ऽ धुम् ऽ । तक् ऽ ऽ ऽ

किक पहिल्या आणि अकराव्या रकान्यात, स्नेअर पाचव्या आणि तेराव्या. सोळापैकी बारा रकाने रिकामे. ड्रम अँड बेसमध्ये याला टू-स्टेप म्हणतात, आणि या प्रकारातल्या असंख्य रचना याच सांगाड्यावर उभ्या आहेत. माउसला हात लावण्याआधी ही ओळ मांडीवर टाळी देत तोंडाने म्हणावी. आधी निम्म्या लयीत, म्हणजे ८५ वर म्हणावी, मग १७० वर. तोंडाला आलेली गोष्ट रकान्यात ठेवायला अर्धा मिनिट लागतो. उलट, जी तोंडाला येत नाही ती रकान्यात ठेवूनही आपली होत नाही. तबला शिकवणारे गुरुजी बोल आधी म्हणून घेतात त्यामागे हेच शहाणपण आहे, आणि यंत्रावर काम करतानाही ते जसेच्या तसे लागू पडते.

यातली दुसरी किक नीट ऐकावी. ती तिसऱ्या मात्रेवर, म्हणजे नवव्या रकान्यात, पडायला हवी अशी कानाची अपेक्षा असते आणि ती दोन रकाने उशिरा येते. स्नेअरच्या अगदी तोंडाशी आलेल्या या किकमुळे चाल पुढे झुकते, जणू कोणी धावताना पाऊल टाकतो आहे. खात्री करून घ्यायची असेल तर ती किक नवव्या रकान्यात सरकवून पाहावी. लय तीच, ठोके तितकेच, आणि तरीही चाल लगेच कवायतीसारखी होते.

स्नेअर पाचव्या-तेराव्याऐवजी फक्त नवव्या रकान्यात ठेवली, तर लय १७० चीच राहून ८५ ची भासू लागते. याला हाफ-टाइम म्हणतात. बेसचे (खर्जातल्या सुरावटीचे) लांब स्वर किंवा गाणे पुष्कळदा याच निम्म्या लयीने चालते. जलद ड्रमवर संथ सुरावट शोभते ती त्यामुळेच.

हाय-हॅट

हॅट एक आड एक रकान्यात ठेवावा : १, ३, ५, ७, ९, ११, १३, १५. सोळाही रकाने भरण्याचा मोह इथे सर्वांत जास्त होतो, तो काही दिवस आवरावा. मग जोर बदलावा. आघाताच्या जोराला सॉफ्टवेअरमध्ये व्हेलॉसिटी किंवा व्हॉल्यूम म्हणतात. १९८३ साली रूढ झालेल्या मिडी पद्धतीत जोराचे मोजमाप १२७ पर्यंत जाते. मात्रेवर पडणारे हॅट ९० च्या आसपास आणि मधले ६० च्या आसपास ठेवावेत. एलएमएमएसमध्ये रकान्यावर माउसचे चाक फिरवले की त्या ठोक्याचा जोर कमी-जास्त होतो. तिथली मोजणी १०० च्या हिशेबात दिसते, पण प्रमाण तेच राखावे. उघडा, म्हणजे झांजा सुट्या ठेवून लांब घुमणारा, हॅट घ्यायचा असेल तर आवर्तनात एकदाच, आणि पुढचा बंद हॅट वाजताच तो तुटेल अशी सोय करावी. हायड्रोजनमध्ये दोन्ही वाद्यांना एकाच म्यूट ग्रुपमध्ये घातले की हे आपोआप होते.

भरीचे ठोके

आतापर्यंत जे झाले ते अर्ध्या तासाचे काम आहे. कसब लागते ते यापुढे. इंग्रजीत ज्यांना घोस्ट नोट म्हणतात, त्यांना मी भरीचे ठोके म्हणतो, कारण तबलजी ठेक्यात भरणा करतो तेव्हा नेमके हेच करत असतो : ठेक्याचे मूळ बोल जागच्या जागी ठेवून मधल्या जागेत हलके बोल पेरतो. हे ठोके सुटे ऐकू येऊ नयेत, पण काढून टाकले तर लगेच चुकल्यासारखे वाटावे, इतक्याच जोराचे असावेत. मुख्य स्नेअर ११५ ते १२० वर असेल, तर भरीची स्नेअर ३० ते ४५ वर ठेवावी. हा फरक डोळ्यांना अवाजवी दिसतो, म्हणून नवशिका तो ७० वर नेतो आणि सगळे सपाट होते. इथे कानावर विश्वास ठेवावा.

याचा सर्वांत प्रसिद्ध धडा १९६९ सालच्या एका तबकडीत आहे. द विन्स्टन्स या अमेरिकन वाद्यवृंदाच्या तबकडीच्या मागच्या बाजूला ‘आमेन, ब्रदर’ ही वाद्यरचना होती आणि तिच्या मध्यावर ग्रेगरी कोलमन या ड्रमवादकाने चार आवर्तने एकट्याने वाजवली. ती सुमारे सात सेकंदांची आहेत. पुढे हिप-हॉपमध्ये आणि मग लंडनच्या जंगल संगीतात हा तुकडा इतक्या वेळा कापला, उलटवला आणि पळवला गेला की ‘आमेन ब्रेक’ हे त्याचे नावच पडले. त्याचे पहिले आवर्तन असे आहे, ज्यात ‘ति’ म्हणजे भरीची हलकी स्नेअर :

धुम् ऽ धुम् ऽ । तक् ऽ ऽ ति । ऽ ति धुम् धुम् । तक् ऽ ऽ ति

हे आधी तोंडाने म्हणावे आणि मग १, ३, ११, १२ मध्ये किक, ५ आणि १३ मध्ये जोराची स्नेअर, ८, १० आणि १६ मध्ये हलकी स्नेअर असे रकान्यांत ठेवावे. आधीच्या सांगाड्याशी ताडून पाहिले तर मूळचे चारही ठोके याच्यात शाबूत आहेत. आता एक प्रयोग करावा. आठव्या आणि दहाव्या रकान्यातले ‘ति’ एक-एक करून बंद करावेत आणि पुन्हा सुरू करावेत. दोन्ही बंद असताना पहिली स्नेअर आणि तिच्या नंतरची किक यांच्यात एक खड्डा पडतो, आणि ते परत आले की एक ठोका दुसऱ्याच्या हाती जातो आहे असे जाणवते. मी हा प्रयोग शिकणाऱ्या प्रत्येकाला करायला लावतो, कारण भरीचा ठोका म्हणजे काय हे त्या दहा सेकंदांत समजते.

सोळाव्या रकान्यातला ‘ति’ हा माझ्या मते या आवर्तनातला सर्वांत मोलाचा ठोका आहे. तो पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या किकला बोलावून आणतो. तिहाई संपताना समेची जी ओढ लागते, तिची ही एक अगदी छोटी आवृत्ती आहे. आपल्याकडच्या लयीचा आणि या संगीताचा मेळ बसतो हे लंडनमध्ये प्रत्यक्षातही दिसले. तबलावादक तलविन सिंग यांनी तबला आणि ड्रम अँड बेस एकत्र आणले, आणि १९९९ मध्ये त्यांना ब्रिटनचे मर्क्युरी पारितोषिक मिळाले.

तयार तुकडा वापरायचा असेल तर

रकान्यांत एकेक ठोका ठेवण्याऐवजी एखाद्या वादकाने वाजवलेला तुकडाच कापून वापरणे हा जंगलचा मूळ मार्ग. कोलमन यांचा तुकडा साधारण १३७ च्या लयीत आहे. तो सरळ वेग वाढवून १७० वर नेला तर आवाज जवळजवळ चार अर्धस्वर वर चढतो, म्हणजे जिथे सा होता तिथे शुद्ध ग येतो, काळी एकचा ड्रम पांढरी चारवर जातो. जंगलमधल्या ड्रमचा तो चिमटलेला, लखलखीत आवाज या चढण्यामुळे आला आहे. तो दोष नव्हे, ती या प्रकाराची ओळख आहे.

आवाज न चढवता लय गाठायची असेल, तर तुकड्यातला प्रत्येक ठोका वेगळा कापून त्याची स्वतंत्र फाइल करावी आणि ते ठोके रकान्यांत पुन्हा मांडावेत. कापताना आघाताच्या अगदी आधी कापावे. मांडताना क्रम बदलण्याची मोकळीक असते. तिसऱ्या मात्रेचा तुकडा पहिल्यांदा, एखादी स्नेअर दोनदा, एखादा तुकडा उलटा, असे करून पाहावे. मात्र पाचव्या आणि तेराव्या रकान्यातली जोराची स्नेअर हलवू नये. दोन खांब जागेवर असले की मधले वासे हवे तसे बदलता येतात.

हक्कांबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. जगभर वापरल्या गेलेल्या त्या सात सेकंदांसाठी द विन्स्टन्सना कित्येक दशके काहीच मिळाले नाही. ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये हलाखीत वारले. २०१५ मध्ये वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना चाहत्यांनी वर्गणी काढून २४,००० पौंड दिले, पण ती कृतज्ञता होती, हक्काचा मोबदला नव्हे. ही गोष्ट मला फार लागते. अभ्यासासाठी हा तुकडा अवश्य कापून पाहावा, परंतु जे प्रसिद्ध करायचे आहे त्यासाठी मुक्त परवान्याचे आवाज घ्यावेत, ड्रम वाजवणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून दहा मिनिटे वाजवून घेऊन त्याचे नाव द्यावे, किंवा रव्याचा डबा आहेच.

तर्री : रकान्याचेही तुकडे

एका रकान्यात दोन ठोके बसवले की अंतर ४४ मिलिसेकंदांचे होते, म्हणजे सेकंदाला सुमारे २३ ठोके. चार बसवले की २२ मिलिसेकंद, सेकंदाला सुमारे ४५. इथे एक विलक्षण गोष्ट घडते. सेकंदाला वीसच्या आसपासपर्यंत कान ठोके सुटे ऐकतो, त्याच्या पुढे ते एकमेकांत मिसळू लागतात आणि ४५ पर्यंत पोचताना त्यांचा एक खर्जातला गुणगुणता स्वर होतो. म्हणजे ‘आणखी जलद’ जाण्याला कानाकडूनच मर्यादा आहे, आणि तिच्या पलीकडे ताल संपून सूर सुरू होतो. रोल करताना ही सीमा मुद्दाम ओलांडता येते : शेवटच्या मात्रेत एका रकान्याला एक, मग दोन, मग चार ठोके असे नेले की ड्रम गाऊ लागल्याचा भास होतो.

तर्रीसाठी सोळा रकान्यांची खिडकी पुरत नाही, पियानो रोलमध्ये, म्हणजे ठोके हव्या त्या बारीक जागी ठेवता येतात त्या खिडकीत, जावे लागते. एलएमएमएस एका आवर्तनाचे १९२ सूक्ष्म भाग करते, म्हणजे एका रकान्याचे १२. दोन ठोके हवे असतील तर ६-६, तीन हवे असतील तर ४-४, चार हवे असतील तर ३-३ भागांवर ठेवावेत. तीनांचा म्हणजे तिस्र रोल मला सर्वांत गोड वाटतो, कारण चौपटीच्या रांगेत तो अनपेक्षित गिरकी घेतो.

एकच सॅम्पल एकाच जोराने इतक्या जवळजवळ वाजले की बंदुकीसारखा निर्जीव आवाज येतो. ताशेवाल्याच्या दोन काड्या कधीच हुबेहूब सारख्या पडत नाहीत, हे लक्षात ठेवून दोन किंचित वेगळे सॅम्पल आलटून-पालटून वापरावेत आणि जोर ४० पासून १०० पर्यंत चढवत न्यावा. चढत्या जोराचा रोल पुढच्या ठोक्याकडे ओढून नेतो, उतरत्या जोराचा मागे विरून जातो. दोन्हींचा उपयोग वेगळा आहे.

थोडे मागे-पुढे सरकवणे

किक आणि जोराची स्नेअर रकान्याच्या रेषेवर अचूक राहू द्यावीत. हॅट आणि भरीचे ठोके मात्र थोडे सरकवावेत. सम क्रमांकाच्या रकान्यांतले ठोके सात मिलिसेकंद उशिरा नेले, म्हणजे एलएमएमएसच्या हिशेबात एक सूक्ष्म भाग, की चालीत किंचित डोल येतो. दोन भाग नेले तर डोल उघड दिसतो, आणि तीन नेले तर या लयीत बहुधा अडखळल्यासारखे वाटते. संथ संगीतात २० मिलिसेकंदांची ढिलाई सुखद असते, इथे ती परवडत नाही. हायड्रोजनमध्ये जोर आणि वेळ यांत आपोआप अनियमितता आणणारी बटणे आहेत, पण ती सगळ्या ठोक्यांना सारखीच हात लावतात, म्हणून मी हाताने सरकवणेच पसंत करतो.

आवाज बसवणे

यावर फार शब्द खर्च करत नाही, कारण आवाज नीट निवडून कापले असतील तर नव्वद टक्के काम झालेले असते. किक आणि स्नेअर आधी एकमेकांच्या तोलाची करावी, हॅट त्यांच्या बराच खाली ठेवावा, आणि हॅट-शेकरमधला ३०० हर्ट्झखालचा सगळा भाग फिल्टरने काढून टाकावा. किकवर प्रतिध्वनी देऊ नये. स्नेअरवर द्यायचा असेल तर तो पुढच्या ठोक्याआधी विझला पाहिजे, म्हणजे पुन्हा तोच ८८ चा हिशेब. सर्व ड्रम मिळून मुख्य मापकावर सहा डेसिबल जागा शिल्लक ठेवावी. बेस यायचा आहे, त्याला ती लागते.

एका आवर्तनापासून आठांपर्यंत

१७० च्या लयीत एक आवर्तन दीड सेकंदाहूनही कमी वेळात संपते, त्यामुळे एकच आवर्तन फिरवत ठेवले तर श्रोता दहा सेकंदांत कंटाळतो. आठ आवर्तने म्हणजे सुमारे ११ सेकंद, हे एक वाक्य धरावे. पहिले आवर्तन जसेच्या तसे ठेवून दुसऱ्यात फक्त एक भरीचा ठोका हलवावा. तिसरे पहिल्यासारखे. चौथ्यात अकराव्या रकान्यातली किक काढून टाकावी : अपेक्षित ठोका न येणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक बदल आहे, आणि नवशिके तो क्वचितच करतात. पाच ते सात ही पहिल्या तिनांची पुनरावृत्ती, आणि आठव्याच्या शेवटच्या मात्रेत तर्री. तर्री वाजत असताना हॅट बंद ठेवावा, नाहीतर दोघेही एकाच जागेसाठी भांडतात.

हे झाले की फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४४,१०० हर्ट्झ आणि २४ बिटवर काढावी आणि नावात लयीचा आकडा लिहावा, उदाहरणार्थ ‘रवा-डबा-१७०-पहिला’. त्या रात्री ती पुन्हा ऐकू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी, हेडफोन न लावता, फोनवर अगदी हळू आवाजात लावून स्वयंपाकघरात वावरताना ऐकावी. इतक्या हळू आवाजातही पाचव्या आणि तेराव्या रकान्यातली स्नेअर ओळखू येत असेल आणि हात आपसूक ओट्यावर ठेका धरत असेल, तर तिच्याखाली बेस घालायला बसावे. तसे होत नसेल, तर फाइल उघडून आधी भरीच्या ठोक्यांचा जोर आणखी दहाने कमी करून पाहावा.